मेणातली शिडी

“इतकी वर्षं त्या आतल्या खोलीत बसून गायच्या. आज समोर येऊन बसल्या,” एवढं बोलून काकू चहाचं आधण ठेवायला उठल्या. इंग्लंडात पीटरबरोमधल्या त्यांच्या दिवाणखान्यात एका गायिकेची मारवा रागाची जुनी रेकॉर्ड चालू होती, काका डोळे मिटून मान डोलवत होते, आणि मी खिडकीजवळ उभा राहून हत्यारं पिशवीत भरत होतो. स्पीकरांचं काम मनासारखं झालं होतं. खर्जाला अंग आलं होतं, आवाज मोकळा झाला होता, कोमल रिषभावरचा तो बेचैन करणारा ठेहराव खोलीभर पसरत होता. काकांनी तर मला मिठीच मारली. पण काकूंच्या त्या वाक्यात शाबासकी होती की तक्रार, ते मला उमगलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरूनही काही कळेना. रात्री केंब्रिजला परतताना रस्त्याकडेला फेन्सची, म्हणजे जुन्या दलदलीची, सपाट, ओली जमीन अंधारात पसरलेली होती, आणि मी त्या वाक्याचाच विचार करत होतो. घरी आल्यावरही, दुसऱ्या दिवशी कामावरही, आणि खरं सांगायचं तर अजूनही.

काका-काकू नात्याने माझे कुणी लागत नाहीत. काका साठच्या दशकाच्या शेवटी डॉक्टर म्हणून इथे आले आणि इथल्या सरकारी रुग्णालयांतच निवृत्त झाले. काकू मिरजेच्या, मीही मिरजेचा. परक्या मुलखात एवढा धागा पुरतो. काकांनी १९७२ साली, अजून घराचे हप्ते फिटायचे होते तेव्हा, क्वाड या इंग्रजी कंपनीचे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर घेतले. जाणकार ज्याला ‘ईएसएल ५७’ म्हणतात तेच. काकू तेव्हा रागावल्या होत्या असं काका सांगतात, आणि काकू म्हणतात की रागावले नव्हते, फक्त किंमत दोनदा विचारली. ही जोडी पहिल्यांदा पाहणारा माणूस तिला हमखास खोली गरम करायचा हीटर समजतो. किंचित बाक असलेली सोनेरी-तांबूस जाळी, दोन्ही कडांना लाकडाची पट्टी, खाली ठेंगणे पाय. आत मात्र नेहमीच्या स्पीकरातलं काहीच नाही. कागदी शंकू नाही, तारेचं वेटोळं नाही, चुंबक नाही. छिद्रं पाडलेल्या दोन पाट्यांच्या मध्ये ताणून बसवलेला प्लॅस्टिकचा पातळ पडदा, जाडी काही मायक्रॉन. खर्जाच्या पडद्यांना ६,००० व्होल्टचा दाब द्यायचा आणि मधल्या, वरच्या स्वरांच्या पडद्याला १,५०० व्होल्टचा. मग गाण्याचा सिग्नल ट्रान्सफॉर्मरने चढवून त्या पाट्यांवर सोडला की भारलेला पडदा एका पाटीकडे ओढला जातो, दुसरीपासून ढकलला जातो. अख्खा पडदा एकदम हलतो, आणि तो इतका हलका असतो की त्याला थांबायलाही वेळ लागत नाही. तानपुऱ्याची तार छेडल्यावर तिच्यातून एकामागून एक उमलत जाणारे स्वर या स्पीकरवर जसे सुटे-सुटे ऐकू येतात, तसे मी दुसऱ्या कुठल्याच स्पीकरवर ऐकलेले नाहीत. हे मी प्रेमापोटी म्हणतोय हे मला माहीत आहे, तरी म्हणतो.

तो सहा हजारांचा दाब येतो कुठून, हे मात्र जाळीतून दिसत नाही. मागची जाळी काढली की तळाशी ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याच्या शेजारी एक ठोकळा. तपकिरी मेणाने काठोकाठ भरलेला. या मेणाच्या पोटात डायोड आणि कपॅसिटर यांची एक शिडी लपलेली असते. ट्रान्सफॉर्मरकडून काहीशे व्होल्ट येतात. एक डायोड ते एका दिशेने जाऊ देतो, कपॅसिटर साठवतो, पुढचा डायोड ते वरच्या पायरीवर ढकलतो, तिथला कपॅसिटर पुन्हा साठवतो. पायरी-पायरीने दाब वाढत जातो. शेवटच्या पायरीवरून खर्जाच्या पडद्यांना तार जाते, अलीकडच्या एका पायरीवरून वरच्या स्वरांच्या पडद्याला. केंब्रिजच्या फ्री स्कूल लेनमध्ये जुन्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेची इमारत आहे, माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर. तिथे १९३२ साली कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी अशीच शिडी उभारून काही लाख व्होल्ट तयार केले आणि प्रोटॉनच्या माऱ्याने लिथियमचा अणुगर्भ फोडला. १९५१ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. त्या गल्लीतून जाताना दर वेळी मला वाटतं, तीच युक्ती पंचवीसेक वर्षांनी इथून जेमतेम सोळा-सतरा मैलांवरच्या हंटिंग्डनमध्ये एका माणसाने दिवाणखान्यात आणून ठेवली, लोकांनी घरी बसून बासरी ऐकावी म्हणून. बासरी मी उगाच नाही म्हणालो. तो माणूस म्हणजे क्वाडचे संस्थापक पीटर वॉकर, आणि ते स्वतः हौसेने बासरी वाजवायचे.

शिडी म्हातारी होते, ती अशी. कपॅसिटरचं काम भार धरून ठेवण्याचं. वर्षानुवर्षं दाब सोसून त्याच्या आतलं इन्सुलेशन दमतं आणि भार हळूहळू झिरपू लागतो. डायोडने एकाच दिशेने वाट द्यायची असते, तर तो उलट दिशेनेही थोडं सोडू लागतो. हे थोडं म्हणजे किती, तर मायक्रोअँपिअरांत मोजावं इतकं. दुसऱ्या कुठल्या यंत्रात त्याची कुणी दखलही घेतली नसती. पण इथे पडद्याची गरजच त्याहून कमी असते, त्यामुळे तेवढी गळतीही वरच्या पायरीपर्यंत पोहोचता-पोहोचता दाब खाली आणते. शिवाय हे स्पीकर सहसा बंदच करत नाहीत, भिंतीतल्या प्लगला कायम जोडलेले असतात. काकांच्या घरात ते पन्नास वर्षं रात्रंदिवस भारलेले होते. काका बाळंतपणांसाठी मध्यरात्री बाहेर पडायचे तेव्हा, मुलं लहानाची मोठी होऊन घराबाहेर गेली तेव्हा, भारतातून वाईट बातमीचे फोन आले तेव्हा, त्या मेणाच्या आत शिडी पायरी-पायरीने भार वर चढवत होती आणि प्रत्येक वर्षी जरासा कमी चढवत होती.

दाब अर्धा झाला तर आवाज सहा डेसिबलने उतरतो. पण तो एका रात्रीत अर्धा होत नाही. वर्षभरात जेवढा उतरतो तेवढा फरक कुणाच्याही कानाला कळणं शक्य नाही. ॲम्प्लिफायरचं बटण काट्याभराने पुढे सरकतं, आणि सरकवणाऱ्यालाही ते आठवत नाही.

मोजायला गेलं तर तेही सरळ नसतं. नेहमीचा मल्टिमीटर एक कोटी ओहमचा. तो या शिडीला लावला की मोजायच्या आधीच तिचा दाब कोसळतो, कारण मीटर स्वतःच पडद्यापेक्षा शेकडो पटींनी जास्त प्रवाह पिऊन टाकतो. त्यासाठी शंभर कोटी ओहमचा खास प्रोब लागतो, आणि तोही जरासा ओढतोच. आकडा वाचताना हे मनात धरावं लागतं. डावा हात खिशात, उजव्या हातात प्रोब, घड्याळ-अंगठी आधीच काढून ठेवलेली. काकांच्या डाव्या स्पीकरच्या खर्जाला ४,८०० व्होल्ट मिळत होते. उजव्याला ३,४००. मी पुन्हा पाहिलं, आकडा तोच. म्हणजे खर्जात दोन्ही बाजूंमध्ये तीन डेसिबलचा फरक, आणि दोन्हीही आपल्या खऱ्या जागेपासून खाली. “काका, तुम्हाला गाणारी व्यक्ती डावीकडे सरकल्यासारखी वाटायची का हो?” मी विचारलं. काका ठामपणे म्हणाले, “छे, अगदी मध्ये.” त्यांच्या कानांवर माझा विश्वास आहे. मग ते कसं, म्हणून मी त्यांच्या खुर्चीत जाऊन बसलो, आणि तिथून गालिच्याकडे नजर गेली. खुर्चीच्या पायांनी गालिच्यात खळगे पाडले होते. आताच्या पायांखालचे ताजे, खोल. त्यांच्या डावीकडे वीतभर अंतरावर आणखी खळगे, अर्धे बुजलेले. त्याहून डावीकडे आणखी पुसट खुणा, जिथे गालिच्याचा रंग जरा वेगळा होता. डाव्या टोकाच्या खुणा दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्यावर येत होत्या. उजवा स्पीकर जसजसा मंद होत गेला तसतशी काकांची खुर्ची त्याच्याकडे सरकत गेली, गाणारी मधोमध राहावी म्हणून.

कुणी काही ठरवलेलं नव्हतं.

त्या खळग्यांकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. मला त्या क्षणी आमच्या मिरजेच्या आत्याची आठवण झाली. आत्या गाणं शिकवायची, आणि तिच्या तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांखालच्या घोडीची घासून साधलेली घडण, बिघडली की तो खोळीत घालून सतारमेकर गल्लीत पोहोचवायचं काम माझ्याकडे असे. तिथल्या दुकानांत तुणीच्या लाकडाचा भुसा, लाखेचा वास, आणि आढ्याला टांगलेले मंगळवेढ्याकडचे वाळलेले भोपळे. कारागीर तानपुरा मांडीवर घेऊन आधी नुसता छेडत बसायचे, काही न बोलता. घोडीवरून तार जिथून सुटते तिथे वर्षानुवर्षांच्या घासणीने बारीक चरा पडलेला असे. त्या चऱ्यामुळे तार घोडीला हवी तशी चाटून जात नाही, आणि आवाज बंद, म्हणजे दबका, होत जातो. ते घोडी काढायचे, कानशीच्या एक-दोन हातांनी घासायचे, पुन्हा लावायचे, तारेखालचा दोरा सरकवून छेडायचे, पुन्हा काढायचे. दुपार सरायची. घरी आणल्यावर आत्या पहिल्यांदा वाजवायची आणि हमखास म्हणायची, “अजून परका वाटतोय.” मी एकदा ते जसंच्या तसं दुकानात जाऊन सांगितलं. कारागीर हसले नाहीत की रागावले नाहीत. म्हणाले, “बाईंना सांग, आठ दिवस वाजवा. तानपुरा बरोबर आहे. बाईंचा कान बंद जवारीला बसलाय, त्याला सुटायला वेळ द्या.” तेव्हा मी दहा-बारा वर्षांचा असेन. वाद्य दुरुस्त करणाऱ्याला वाद्याइतकंच ऐकणाऱ्याच्या कानाबद्दलही माहीत असावं लागतं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं, पण ते वाक्य तसंच्या तसं लक्षात राहिलं.

काकांचे दोन्ही स्पीकर मी आळीपाळीने घरी आणले. एक त्यांच्याकडे राहावा, घर सुनं पडू नये म्हणून. मेणाचा ठोकळा सोडवताना एक वास येतो. मेण, धूळ आणि जुन्या वार्निशचा मिळून. तो मला आवडतो. मेणाच्या पृष्ठभागावर पन्नास वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी बोटाचा ठसा उमटलेला होता, ओतलेलं मेण गार व्हायच्या आधी कुणी तरी दाबून पाहिलं असेल. हंटिंग्डनच्या कारखान्यातलं कुणी. मी त्या ठशावर माझं बोट ठेवून पाहिलं. मग नवी शिडी बांधायला घेतली. प्रत्येक पायरीवर दोन-दोन सिलिकॉन डायोड एकापाठोपाठ, म्हणजे एकावर सगळा ताण येत नाही. कपॅसिटर मूळच्याइतक्याच क्षमतेचे, फक्त जास्त दाब सोसणारे. या कामात सोल्डरिंगची सगळी जुनी सवय मोडावी लागते. एरवी चांगला जोड म्हणजे तारेला घट्ट बिलगलेला, आटोपशीर, पायाचं टोक बाहेर दिसणारा. इथे टोक म्हणजे शत्रू. सहा हजार व्होल्टला टोक मिळालं की तिथून भार हवेत निसटतो, बारीक फुसफुस ऐकू येते, ओझोनचा तिखट वास येतो, आणि जे वाचवायला बसलो तेच गळून जातं. म्हणून प्रत्येक जोड मण्यासारखा गोल करायचा, सोल्डर जरा सढळ हाताने घालून. अंधार करून, दाब देऊन, खोलीतला पंखा-बिंखा सगळं बंद करून कान लावायचा. कुठे जांभळट ठिपका दिसला किंवा कुजबुज ऐकू आली तर तो जोड पुन्हा. मला या कामाचा हाच भाग सर्वांत प्रिय आहे. शांततेत बसून काही ऐकू येत नाही ना, एवढंच ऐकायचं.

जुने ठोकळे काढू नयेत असं मानणारे लोक आहेत. त्यांच्याशी माझं पटत नाही, पण त्यांचा जीव कशात अडकलाय ते मला समजतं. ज्याच्या बोटाचा ठसा त्या मेणावर आहे त्याचं काम फेकून कसं द्यायचं? मी फेकत नाही. ठोकळ्यावर तारीख आणि मोजलेले व्होल्ट लिहून तो मालकाकडे परत देतो. पण तो स्पीकरच्या आतच राहिला पाहिजे आणि त्याने कितीही कमी दाब दिला तरी तोच ‘खरा’ आवाज, हे मला मान्य नाही. वॉकरांनी १९३६ साली लंडनमध्ये कंपनी काढली, युद्धात बॉम्बहल्ल्याने जागा गेल्यावर ती हंटिंग्डनला नेली, आणि पुढे आपल्या मालाच्या जाहिरातीत एकच वचन दिलं: मूळ आवाजाच्या जास्तीत जास्त जवळ. मैफिलीत जे वाजलं ते, असा त्याचा अर्थ. हा स्पीकर घडवताना वॉकर आणि अभियंते थिओ विल्यमसन यांनी डोकं चालवलं ते पडद्यावरचा भार जागचा हलू नये यावर. पडद्याला असा लेप दिला की भार त्यावरून झटकन इकडेतिकडे धावूच शकत नाही, म्हणून आवाज विकृत होत नाही. १९५७ साली तो बाजारात आला आणि १९८५पर्यंत बनत राहिला. त्याचा धाकटा भाऊ ‘ईएसएल ६३’. १९६३ साली त्याच्यावर काम सुरू झालं आणि लोकांना तो मिळाला १९८१ साली. एका स्पीकरसाठी अठरा वर्षं थांबणारा माणूस झिजलेल्या कपॅसिटरला हात लावू नका म्हणाला असता, असं मला वाटत नाही.

त्याच वेळी, दुसऱ्या टोकाचे लोकही मला आवडत नाहीत. नवी शिडी बांधतोच आहोत तर एक पायरी जास्त चढवू, ६,०००चे ७,००० करू, आवाज आणखी मोठा होईल, असं म्हणणारे. नाही होणार. काही महिने होईल, आणि मग पडदा पाटीला चिकटेल किंवा ठिणगी पडून जळेल. हा स्पीकर १५ वॉटच्या ॲम्प्लिफायरसाठी घडवलेला आहे. त्याच्याकडून ओरडून घेऊ नये. त्याला जितकं दिलं होतं तितकंच परत द्यावं, एवढाच माझा नियम. काका मला एकदा म्हणाले होते की रुग्णाला साठाव्या वर्षी विशीतलं हृदय द्यायचं नसतं, साठीतलं नीट चालणारं द्यायचं असतं. मी स्पीकरच्या बाबतीत तितका समंजस नाही. मला १९७२ सालचा स्पीकर परत हवा होता, जसाच्या तसा.

आणि तसा तो मिळाला. दोन्ही बाजूंना सहा हजार. पहिल्या तासात आवाज चढत गेला, कारण पडद्यावरचा लेप भार अगदी सावकाश घेतो. हे स्पीकर सुरू करून लगेच निकाल द्यायचा नसतो. संध्याकाळपर्यंत खर्ज भरला. खुर्ची आम्ही दोघांनी उचलून गालिच्यावरच्या सर्वांत जुन्या, पुसट खुणांवर नेऊन ठेवली. तिचे पाय त्या खुणांवर बरोबर बसले. काका बसले आणि मारवा लागला. त्यानंतरचं मी आधीच सांगितलंय.

काकूंचं वाक्य मला उलगडलं ते काकांच्या फोनमुळे. दोन-तीन आठवडे गेले असतील. काका खुशीत होते, रोज एक-एक रेकॉर्ड काढून ऐकत होते, विशीत ऐकलेलं पुन्हा सापडतंय म्हणत होते. आणि मग सहज, दुसरं काहीतरी सांगता सांगता म्हणाले, “फक्त हिचं गुणगुणणं बंद झालंय रे.” मी विचारलं, कसलं गुणगुणणं? तर काकू म्हणे स्वयंपाकघरात काम करताना रेकॉर्डबरोबर गायच्या. कित्येक वर्षांची सवय. त्या मिरजेला रीतसर शिकलेल्या, लग्नानंतर इथे आल्यावर बैठक सुटली, पण रेकॉर्ड लागली की त्यांचा आवाज त्या आवाजाच्या थोडा वरून, थोडा बाजूने चालायचा. काकांनी तो कधी वेगळा काढून ऐकला नव्हता. गाण्याचाच भाग झाला होता तो. “आता ती म्हणते, समोर एवढी मोठी बाई गातेय, तिच्यात मी काय तोंड घालू.”

फोन ठेवल्यावर मी माझ्या टेबलाशी बसून राहिलो. आतल्या खोलीत बसून गाणारी बाई जेव्हा दूर होती, किंचित क्षीण होती, तिच्या खर्जाला अंग नव्हतं, तेव्हा तिच्या आवाजाखाली एक जागा रिकामी झाली होती, आणि काकूंनी ती कुणाला न सांगता भरली होती. काकांनी खुर्ची सरकवली. काकूंनी आवाज दिला. दोघांनीही स्पीकरची झीज आपल्या अंगावर घेतली, तीही इतकी अलगद की आपण काही घेतलंय हे त्यांना कळलं नाही. मी सहा हजार व्होल्ट परत आणले तेव्हा काकांची खुर्ची उचलून जागेवर ठेवता आली. काकूंच्या आवाजाचं तसं करता येत नव्हतं. तरी दुरुस्ती करायला नको होती असं मला वाटत नाही, आणि काकूंनाही तसं वाटत नसावं. गायिकेने जे गायलं ते तिच्या पूर्ण अंगाने ऐकणं हा तिचा मान आहे. हे मनापासून वाटतं. पण त्या घरात कित्येक वर्षं दोन बायका मिळून गात होत्या आणि आता एकच गाते, हेही मला विसरता येत नाही. आवाज थोडा कमी ठेवा असं सुचवावं असं मनात आलं. पण बटण मागे नेऊन आतली खोली परत येत नाही. नीट चालणारा स्पीकर हळू वाजवला तर बाई समोर बसूनच हळू गाते.

नोव्हेंबरात काकांचा पुन्हा फोन आला. चार दिवस पावसाची झड लागली होती, खिडक्यांवर आतून दव धरत होतं. उजव्या स्पीकरमधून ‘टक्’ असा आवाज येतो, मध्येच, गाणं चालू असो वा नसो. काकांना ऐकू येत नाही, काकूंनी ओळखला. मला फार आश्चर्य वाटलं नाही. वर्षानुवर्षं कमी दाबावर दिवस काढलेल्या पडद्याला पूर्ण दाब मिळाला की त्याची जुनी दुखणी वर येतात. कुठे लेपात धूळ बसलेली असते, कुठे पाटीवरचं इन्सुलेशन चिरलेलं असतं, आणि दमट हवेत तिथून भार उडी मारतो. शिडी अशक्त होती तोवर ते झाकलेलं होतं. आता मधलं पॅनल उघडावं लागेल, जुना पडदा काढून नवा ताणावा लागेल, लेप द्यावा लागेल. महिनाभराचं काम आहे, आणि ते उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत केलेलं बरं. तोवर उजव्याचा प्लग काढून ठेवा, एकट्या डाव्यावर ऐका, असं मी काकांना सांगितलं. त्यांच्या बऱ्याचशा रेकॉर्डी मोनोच आहेत. हा स्पीकर बाजारात आला तेव्हा घरोघरी मोनोच ऐकलं जायचं, लोक एकच स्पीकर विकत घ्यायचे, खोलीच्या एका बाजूला ठेवायचे. काका थोडे हिरमुसले. एवढ्यात काकूंनी त्यांच्या हातातून फोन घेतला.

“पॅनलचं सावकाश कर, घाई नाही,” त्या म्हणाल्या. “तू डिसेंबरात मिरजेला जाणारेस ना? माझा तानपुरा खाली काढलाय माळ्यावरून. भोपळा शाबूत आहे, तारा गंजल्यात. तारांचे दोन संच आण, आणि जवारीचा दोरा.”

दोरा किती आणू, मी विचारलं.

“पुष्कळ आण.”